मूत्रनिर्मिती आणि वृक्कांचे गालनकार्य : मूत्रल औषध लिहिण्यापूर्वी

दोष, धातू आणि मल ही शरीराची मुळे होत, हे आपण सर्वांनी अभ्यासक्रमाच्या पहिल्याच वर्षी शिकलेले आहे. मलांपैकी मूत्राचे मुख्य कार्य क्लेदाचे वहन हे होय. असे असूनही चिकित्सालयात मूत्राविषयी आपण बहुधा एकच प्रश्न विचारतो, तो म्हणजे, "लघवी किती होते?" कमी होते असे उत्तर आले की गोक्षुर, पुनर्नवा, वरुण यांची योजना केली जाते, भरपूर होते असे उत्तर आले की मूत्रवह स्रोतसाची चिंता मिटली असे समजले जाते. मूत्राचे प्रमाण आणि वृक्कांचे गाळण्याचे कार्य या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि त्या एकच मानल्यामुळे रुग्णाचे अपरिमित नुकसान होऊ शकते, हे प्रस्तुत लेखात मांडण्याचा आमचा हेतू आहे. आमचा व्यवसाय भिवंडीतील धामणकर नाका परिसरात असल्याने उदाहरणे शक्य तेथे याच भागातील घेतली आहेत.

१. ग्रंथोक्त विचार

चरकाचार्यांनी मूत्रवह स्रोतसाचे मूळ बस्ती आणि वंक्षण असे सांगितले आहे, तर सुश्रुताचार्यांनी बस्ती आणि मेढ्र असे. वृक्कांची गणना चरकांनी कोष्ठांगांत केली आहे, परंतु त्यांना मूळ मानले आहे ते मेदोवह स्रोतसाचे. वृक्कांची उत्पत्ती रक्त आणि मेद यांच्या प्रसादभागापासून होते, असे सुश्रुतांचे मत आहे. अश्मरीनिदानाच्या प्रसंगी सुश्रुतांनी बस्ती कसा भरतो हे एका सुंदर दृष्टान्ताने सांगितले आहे. नवा मातीचा घट गळ्यापर्यंत पाण्यात ठेवला असता तो जसा बाजूंच्या सूक्ष्म छिद्रांतून भरत जातो, तसा बस्ती डोळ्यांना न दिसणाऱ्या सहस्रावधी सूक्ष्म मुखांनी मूत्राने भरतो.

या वर्णनात वृक्क मूत्र निर्माण करतात असे म्हटलेले नाही. ओढूनताणून तसा अर्थ काढण्याची आवश्यकता नाही आणि तो निघत नाही म्हणून संकोचण्याचेही कारण नाही. मूत्र हे असंख्य सूक्ष्म मार्गांतून पाझरून तयार होते, ही मूळ कल्पना मात्र विलक्षण आहे. ते पाझरणे कोठे व कसे घडते, हे आधुनिक शारीरक्रियेने सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखविले. ते ज्ञान आत्मसात करणे हे बी.ए.एम.एस. पदवीधराचे कर्तव्यच आहे, कारण आपल्याकडे येणारा रुग्ण एकाच वेळी आपली औषधे आणि आधुनिक औषधेही घेत असतो.

२. रचना

वृक्क उदराच्या पश्चाद्भागी, पृष्ठवंशाच्या दोन्ही बाजूंस असतात. यकृतामुळे उजवा किंचित खाली असतो. प्रत्येकाची लांबी सुमारे ११ सेंटिमीटर आणि वजन सुमारे १२० ते १५० ग्रॅम असते. प्रत्येक वृक्कात सरासरी १० लाख नेफ्रॉन असतात. हे नेफ्रॉन म्हणजेच मूत्रनिर्मितीचे खरे कारखाने होत. जन्मानंतर नवे नेफ्रॉन निर्माण होत नाहीत. नष्ट झालेला नेफ्रॉन कायमचा जातो आणि त्याचे काम उरलेल्यांना वाढवून करावे लागते.

नेफ्रॉनचे दोन भाग ध्यानात ठेवावेत. पहिला भाग गाळणीचा. यात सूक्ष्म केशिकांचा एक गुच्छ असतो, त्यास ग्लोमेरुलस म्हणतात. त्याभोवती पेल्यासारखे आवरण असते. दुसरा भाग नलिकेचा. ही नलिका प्रथम नागमोडी जाते, मग केसाच्या आकड्याप्रमाणे वृक्काच्या खोल भागात उतरून परत वर येते, पुन्हा नागमोडी होते आणि शेवटी संग्राहक नलिकेस मिळते. पहिला भाग गाळतो, दुसरा निवडतो. मूत्र म्हणजे या निवडीनंतर उरलेला भाग.

३. गालन

विश्रांतीच्या अवस्थेत हृदय जेवढे रक्त बाहेर टाकते त्याचा सुमारे पाचवा हिस्सा, म्हणजे मिनिटाला एक लिटरहून अधिक रक्त, केवळ या दोन वृक्कांकडे जाते. त्यातून मिनिटाला सुमारे १२० मिलिलिटर द्रव गाळणीतून खाली उतरतो. दिवसाचा हिशेब केला तर हा गालित द्रव १८० लिटर भरतो. शरीरातील रक्तरस जेमतेम तीन लिटर असतो. म्हणजे तो एका दिवसात सुमारे ६० वेळा गाळला जातो.

हे गालन दाबावर चालते. इतरत्र रोहिणीतून आलेले रक्त केशिकांतून सरळ नीलेत जाते. येथे मात्र केशिकागुच्छाच्या दोन्ही टोकांस रोहिणिकाच असतात. एक रक्त आणते, दुसरी नेते. आणणारी सैल आणि नेणारी आवळलेली असली की मधल्या गुच्छात दाब वाढतो. हा दाब पाऱ्याच्या मापाने सुमारे ६० मिलिमीटर असतो. त्याच्या विरुद्ध रक्तातील प्रथिने द्रवाला सुमारे ३२ मिलिमीटर बलाने आत ओढून धरतात आणि पेल्यातील द्रव सुमारे १८ मिलिमीटर बलाने विरोध करतो. वजाबाकी केल्यास उरतात अवघे १० मिलिमीटर. संपूर्ण मूत्रनिर्मिती या तुटपुंज्या दाबावर अवलंबून आहे. शरीर कोरडे पडले, रक्तस्राव झाला किंवा हृदय दुर्बल झाले की पहिला फटका वृक्कांना का बसतो, याचे उत्तर या वजाबाकीत आहे.

गाळणीची भिंत तिहेरी असते. सच्छिद्र केशिकास्तर, त्याखालील आधारपटल आणि त्याला बाहेरून बोटांप्रमाणे वेढणाऱ्या पादपेशी, असे तिचे थर होत. पाणी, क्षार, शर्करा, युरिया, क्रिएटिनिन हे सहज पार होतात. रक्तपेशी आणि आल्ब्युमिनसारखी प्रथिने मागे राहतात. मूत्रात सतत आल्ब्युमिन सापडणे म्हणजे बहुधा गाळणीची वीण उसवू लागल्याची खूण होय.

४. पुनःशोषण

१८० लिटर गाळले जातात, पण मूत्र होते दीड-दोन लिटर. उरलेले ९९ टक्के नलिका रक्तात परत घेते. पहिल्या नागमोडी भागातच पाणी व सोडियम यांचा सुमारे दोन तृतीयांश भाग आणि जवळजवळ सर्व शर्करा परत घेतली जाते. रक्तशर्करा साधारणतः १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की ही क्षमता अपुरी पडते आणि शर्करा मूत्रात उतरते. येथे एक सूचना करणे आवश्यक वाटते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या प्रमेहावरील औषधांनी शर्करेचे हे पुनःशोषण मुद्दाम रोखलेले असते. असे औषध घेणाऱ्या रुग्णाच्या मूत्रात शर्करा सापडणारच; तेवढ्यावरून प्रमेह बळावला असे समजू नये.

पुढे आकड्यासारख्या भागामुळे वृक्काच्या खोल भागात क्षारांचे प्रमाण फार वाढते. संग्राहक नलिका याच भागातून जाते. शरीराला पाणी वाचवावयाचे असेल तेव्हा पिट्युटरी ग्रंथीतून एडीएच नावाचे संप्रेरक स्रवते, नलिकेची पाण्याची दारे उघडतात आणि पाणी परत ओढले जाते; मूत्र थोडे व गडद होते. भरपूर पाणी प्यायल्यावर याच्या उलट घडते. अधिवृक्क ग्रंथीचे आल्डोस्टेरॉन सोडियम राखते आणि पोटॅशियम बाहेर घालविते. याखेरीज रक्तदाबाचे नियमन करणारे रेनिन व रक्तनिर्मितीस प्रेरणा देणारे एरिथ्रोपोएटिन वृक्कांत तयार होते आणि ड जीवनसत्त्वाला कार्यक्षम रूपही तेथेच मिळते. म्हणून दीर्घकालीन वृक्करोगात पांडुता, अस्थिदौर्बल्य आणि रक्तदाबवृद्धी ही एकत्र दिसतात.

५. प्रमाण आणि शुद्धी

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. मूत्राचे प्रमाण मुख्यतः ठरते ते नलिकेत, किती परत घेतले यावर. रक्ताची शुद्धी ठरते ती गाळणीत, किती गाळले यावर. म्हणून पुढील दोन्ही प्रकार संभवतात.

(अ) मूत्र अल्प, वृक्क निरोगी. उन्हात काम करून आलेल्या तरुणाचे मूत्र थोडे व गडद असते. त्याचे वृक्क पाणी वाचवीत आहेत. त्यांचे काम चोख चालू आहे. त्याला पाणी हवे आहे. मात्र यालाही मर्यादा आहे. रोजचा त्याज्य भाग विरघळवून बाहेर टाकण्यास निरोगी वृक्कांनाही दिवसाला निदान अर्धा लिटर मूत्र लागते. प्रमाण ४०० मिलिलिटरच्या खाली गेले की मल शरीरात साठू लागतो.

(आ) मूत्र विपुल, वृक्क निकामी. जीर्ण वृक्करोगात नलिकांची पाणी राखण्याची शक्ती आधी जाते. रुग्ण रात्री तीन-चार वेळा उठतो, दिवसाला दोन लिटर पाण्यासारखे फिकट मूत्र होते, आणि त्याच वेळी रक्तातील क्रिएटिनिन चढत असते. "लघवी साफ होते, मग किडनीला काय होणार?" हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. त्या मूत्रातून पाणी जाते, मल जात नाही.

पावसाळ्यातील लेप्टोस्पायरोसिस हे याचेच तीव्र उदाहरण. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या रोगाची मोठी साथ आली होती. यात वृक्कांना इजा होऊनही मूत्राचे प्रमाण पुष्कळदा टिकून राहते आणि वैद्य गाफील राहतो. साचलेल्या पाण्यातून चालल्याचा इतिहास, ज्वर, पिंडऱ्यांत तीव्र वेदना, डोळ्यांत लाली, ही लक्षणे दिसली की मूत्र किती होते याची वाट न पाहता रक्ततपासणी करून रुग्णास रुग्णालयात पाठवावे.

६. बिघाड कोठे आहे?

मूत्रल औषध लिहिण्यापूर्वी हा प्रश्न स्वतःला विचारावा. बिघाडाच्या जागा चार.

(अ) गाळणीच्या अलीकडे : दाबाचा अभाव. भिवंडीतील यंत्रमाग कामगार याचे नित्याचे उदाहरण आहे. बारा-बारा तासांची पाळी, पत्र्याखालील उष्मा, सायझिंगमध्ये तर वाफेची भर. मजुरी विणलेल्या मालावर मिळत असल्याने माग सोडून उठणे परवडत नाही, म्हणून पाणीही कमी प्यायले जाते. कंबर व सांधे दुखतात, म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी दुकानातून मागून घेतली जाते. शरीर कोरडे असताना वृक्कातील आणणारी रोहिणिका प्रोस्टाग्लँडिनमुळे उघडी राहते. वेदनाशामक नेमके तेच रोखते. रुग्ण रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल घेत असेल तर नेणारी रोहिणिकाही सैल पडते. दोन्ही टोकांनी दाब गेला, दहा मिलिमीटर संपले, गालन थांबले. अशा रुग्णाने "लघवी कमी होते" म्हणून तक्रार केली आणि आपण मूत्रल दिले, तर उरलेले पाणीही बाहेर काढल्यासारखे होते. येथे चिकित्सा म्हणजे द्रवपूर्ती, वेदनाशामक बंद करणे आणि क्रिएटिनिन तपासणे. अतिसार व छर्दीच्या दिवसांत रक्तदाबाची व मूत्रल औषधे तात्पुरती थांबवावीत काय, हे ती देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून त्याच दिवशी ठरवावे.

(आ) गाळणीत : वीण उसवणे. प्रमेह आणि रक्तदाबवृद्धी ही येथील सर्वांत मोठी कारणे होत. परंतु आपल्या व्यवसायाशी थेट संबंधित असे एक कारण टाळून चालणार नाही, ते म्हणजे पारद. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी या विकाराच्या एका विशिष्ट प्रकारातील अनेक रुग्णांनी पारंपरिक देशी औषधे घेतल्याचे आढळले, आणि तपासलेल्या औषधांत पारा सापडला. औषध थांबविल्यावर अनेकांच्या मूत्रातील प्रथिने कमी होत गेली. गोरेपणाच्या पारदयुक्त क्रीममुळेही असाच विकार होत असल्याचे केरळमधील डॉक्टरांनी नोंदविले आहे. शोधन-मारणाविषयी आपल्या ग्रंथांचा आग्रह किती कडक आहे हे आपण जाणतो. बाजारातील प्रत्येक पुडी त्या आग्रहाने बनलेली नसते हेही आपण जाणतो. तेव्हा रसौषधी सुरू करण्यापूर्वी आणि ती चालू असताना ठरावीक अंतराने रक्तदाब व मूत्रातील आल्ब्युमिन तपासणे हा परंपरेचा अवमान नव्हे. पायांवर किंवा डोळ्यांभोवती शोथ व मूत्रास फेस दिसताच रसौषधी थांबवावी.

(इ) नलिकेत : पेशींचा नाश. गालित द्रव आटत जातो तसतसे त्यातील विष नलिकेत घट्ट होत जाते. म्हणून विषाचा आघात बहुधा येथे होतो. १९८६ च्या प्रारंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात रुग्णांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक द्रव्य मिसळलेले होते. त्यात १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. हे द्रव्य चवीला गोड व दिसण्यास ग्लिसरीनसारखेच असते. शरीरात त्याचे जे आम्ल बनते ते नलिकेच्या पेशींत साठून त्यांना मारते आणि मूत्र थांबते. हा धडा जुना झालेला नाही. २०२२ मध्ये गांबिया देशात आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात खोकल्याच्या सिरपमुळे बालके याच विषाने मृत्युमुखी पडली. छिंदवाड्याची अनेक मुले उपचारांसाठी नागपुरात आणली गेली होती.

वनस्पतीही निर्दोष असतातच असे नाही. १९९० च्या दशकात ब्रुसेल्समध्ये वजन घटविण्यासाठी दिलेल्या चिनी वनौषधीत एका वनस्पतीच्या जागी ॲरिस्टोलोकिया जातीची वनस्पती आली आणि अनेक स्त्रियांचे वृक्क निकामी झाले. काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. आपल्याकडील ईश्वरी, म्हणजेच सापसंद, आणि किडामारी या त्याच जातीच्या आहेत. त्यांचा आभ्यंतर प्रयोग टाळावा.

नलिकेवरील आणखी एक आघात भिवंडीकरांनी तरी विसरू नये असा आहे. २१ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे धामणकर नाक्याजवळील पटेल कंपाऊंडमधील जिलानी इमारत कोसळली आणि सुमारे ४० माणसे मृत्युमुखी पडली. काही जण ढिगाऱ्याखालून जिवंत बाहेर काढले गेले. अशा प्रसंगी वैद्याने जाणावयाची गोष्ट अशी. तासन्‌तास दबलेल्या मांसपेशी मरतात. वरचे ओझे हटताच त्यांतील मायोग्लोबिन आणि पोटॅशियम एकदम रक्तात येते. मायोग्लोबिन गाळणीतून उतरते आणि नलिकेत गोठून तिला बंद करते. पोटॅशियम हृदय थांबवू शकते. दुसऱ्या महायुद्धात लंडनवरील बॉम्बवर्षावात ढिगाऱ्यातून वाचलेली माणसे काही दिवसांनी मूत्र थांबून मरत असल्याचे बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी १९४१ मध्ये प्रथम तपशीलवार नोंदविले. म्हणजे बोलणारा, पाणी मागणारा, जखमही न दिसणारा माणूससुद्धा धोक्यात असतो. शिरेतून सलाइन शक्यतो ओझे हटविण्यापूर्वीच सुरू व्हावे लागते, म्हणून जवळच्या वैद्याचे पहिले काम मदतपथकातील डॉक्टरांना किती वेळ व कोणता अवयव दबला होता हे सांगणे. वेदनेसाठी डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन देऊ नये. शक्ती येईल म्हणून शहाळे पाजू नये, कारण त्यात पोटॅशियम असते. काळ्या चहासारखे मूत्र दिसले तर क्षणाचाही विलंब न लावता डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे. पट्टीच्या तपासणीत मूत्रात रक्त दिसते पण सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपेशी दिसत नाहीत, तेव्हाही हाच संशय घ्यावा. जुन्या इमारतींच्या आपल्या शहरात ही माहिती प्रत्येक चिकित्सालयात असावी.

(ई) नलिकेच्या पलीकडे : मार्गावरोध. अश्मरी, पौरुषग्रंथीची वृद्धी, स्त्रियांत गर्भाशयाचे अर्बुद ही कारणे. मूत्रकृच्छ्रात वेदना प्रधान आणि मूत्राघातात विबंध प्रधान, हा आचार्यांनी केलेला भेद येथे प्रत्यक्ष कामास येतो. बस्ती तुडुंब भरलेला असताना थेंब थेंब मूत्र सतत गळते आणि रुग्ण "सारखी लघवी होते" असे सांगतो. ओटीपोट हाताने तपासल्याखेरीज हे कळत नाही. पूर्ण अवरोधात मूत्रल देणे म्हणजे बंद दारामागे पाणी चढविणे होय. आधी मार्ग मोकळा करावा. लहान अश्मरीत गोक्षुर, वरुण, पाषाणभेद यांस निश्चित स्थान आहे. मात्र सोनोग्राफीत वृक्क फुगलेला दिसत असेल किंवा शूलासोबत ज्वर असेल तर थांबू नये.

७. तपासणी

सीरम क्रिएटिनिन हा आकडा एकटा वाचू नये. क्रिएटिनिन मांसपेशींतून येते. कृश व वृद्ध व्यक्तीत ते मुळातच कमी असते. ३० वर्षांच्या पुरुषाचे क्रिएटिनिन १.२ असेल तर त्याचे गालन मिनिटाला ८० मिलिलिटरहून अधिक असते. ६५ वर्षांच्या स्त्रीचा हाच आकडा सुमारे ५० मिलिलिटर गालन दाखवितो, म्हणजे तिचे कार्य निम्म्याच्या आसपास आलेले असते. अहवालावर मात्र दोघांपुढेही बहुधा 'नॉर्मल' असेच छापलेले असते. म्हणून वय व लिंग धरून काढलेला ईजीएफआर मागवावा. तो तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला, किंवा मूत्रातील आल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर तितकाच काळ ३० मिलिग्रॅमच्या वर राहिले, तर जीर्ण वृक्करोग आहे असे समजावे. प्रत्येक प्रमेही व रक्तदाबाच्या रुग्णात वर्षातून एकदा तरी या दोन तपासण्या व्हाव्यात. खर्च फारसा नाही, आणि या अवस्थेत रोगाची गती मंद करता येते. लक्षणांची वाट पाहिल्यास तोवर बहुसंख्य नेफ्रॉन गेलेले असतात.

८. औषधयोजना आणि औषधालय

गालन कमी झालेल्या रुग्णात आपल्या काही नित्याच्या औषधांचा स्वभाव बदलतो. श्वेतपर्पटीत मुख्य द्रव्य कलमी सोरा, म्हणजे पोटॅशियमचा क्षार. यवक्षारातही पोटॅशियमच प्रधान. पुनर्नवेतही पोटॅशियमचे क्षार असतात. निरोगी वृक्क ते सहज बाहेर टाकतात. दुर्बल वृक्कांत ते साठतात आणि हृदयगती बिघडते. म्हणून ईजीएफआर पाहिल्याखेरीज क्षारकल्प दीर्घकाळ देऊ नयेत, आणि रुग्ण टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेत असेल तर पोटॅशियम मोजल्याशिवाय देऊच नयेत. "भरपूर पाणी प्या" हा सल्लाही सर्वांना सारखा लागू नाही. अश्मरीच्या रुग्णास तो हितकर आहे. शोथ असलेल्या, मूत्र अल्प होणाऱ्या वृक्करोग्यास घातक.

औषधालयचालकांस आमची विनंती पुढीलप्रमाणे :

• वेदनाशामक गोळ्या चिठ्ठीविना देऊ नयेत. मागणारा वृद्ध, प्रमेही किंवा रक्तदाबाचा रुग्ण असेल तर त्यास वैद्याकडे पाठवावे.
• सांधेदुखीवरील, निर्मात्याचे नाव व परवाना क्रमांक नसलेली चूर्णे व पुड्या ठेवू नयेत. एका दिवसात गुण देणाऱ्या अशा पुडीत स्टेरॉइड किंवा वेदनाशामक मिसळलेले असण्याचा संभव मोठा असतो.
• स्वतः सिरप किंवा अवलेह बनविणाऱ्यांनी ग्लिसरीन, सॉर्बिटॉल, प्रोपिलीन ग्लायकॉल यांच्या प्रत्येक बॅचची डायएथिलीन ग्लायकॉलसाठी तपासणी करून घ्यावी. पुरवठादाराच्या कागदावर विसंबू नये.
• औषध नियमांच्या अनुसूची ई-१ मधील द्रव्ये असलेली औषधे, ज्यांत पारद व सोमल येतात, वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाची असतात. वेष्टणावरील ही सूचना ग्राहकास वाचून दाखवावी.

समारोप

सारांश, वृक्क दिवसाला १८० लिटर गाळतात आणि त्यातील ९९ टक्के परत घेतात. बस्तीत उतरलेल्या मूत्राचे माप पाहून या प्रचंड व्यवहाराचा अंदाज करता येत नाही. मूत्र अल्प झाले तर कारण दाबात, गाळणीत, नलिकेत की मार्गात, हे आधी ठरवावे. मूत्र विपुल असले तरी प्रमेही, रक्तदाबाचा, वेदनाशामके घेणारा व रसौषधी घेणारा रुग्ण तपासणीवाचून सोडू नये. आचार्यांनी बस्तीस हृदय व शिर यांच्या बरोबरीने त्रिमर्मांत स्थान दिले आहे. मर्मावर उपचार करताना लागणारी सावधगिरी मूत्रल औषधाची चिठ्ठी लिहितानाही बाळगावी, एवढीच आमची वैद्यबंधू-भगिनींना नम्र विनंती आहे.